हिवाळी अयनदिन आणि गृहशिक्षण : डिसेंबरच्या सुटीतील अध्ययनाचे स्वरूप

प्रस्तावना

शाळेत जाणाऱ्या मुलाची सुटी शाळा ठरवते. शेवटची घंटा वाजली की अभ्यास थांबला आणि सुटी लागली, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. परंतु ज्या मुलाची शाळा घरीच भरते, त्याची सुटी केव्हा सुरू होते? ज्या मेजावर सकाळी गणिते सोडवली, त्याच मेजावर संध्याकाळी सणाचे पदार्थ तयार होत असतील, तर अभ्यास कोठे संपला आणि सण कोठे सुरू झाला हे कसे ओळखावे? वरवर साधा वाटणारा हा प्रश्न गृहशिक्षणाच्या मुळाशी जाणारा आहे.

अमेरिकेत मुलांना घरी शिकवणाऱ्या अनेक कुटुंबांत डिसेंबरमधील नेहमीचा पाठ्यक्रम बाजूला ठेवला जातो आणि ऋतू, आकाश, सण व हस्तकला यांभोवती उपक्रम आखले जातात. २१ किंवा २२ डिसेंबरला येणारा हिवाळी अयनदिन हा अशा उपक्रमांचा एक नैसर्गिक मध्यबिंदू होय. प्रस्तुत लेखात या उपक्रमांचे स्वरूप, त्यांमागील शास्त्र आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. उदाहरणासाठी मॅसॅच्युसेट्स राज्यातील बोस्टन शहराचा परिसर घेतला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि त्यांना शिकवणारे आईवडील असे एक नमुना कुटुंब गृहीत धरले आहे. ते कोणत्याही प्रत्यक्ष कुटुंबाचे वर्णन नव्हे. सावल्यांची लांबी आणि सूर्याच्या वेळा मात्र त्या त्या स्थळाच्या अक्षांश-रेखांशांवरून निघणाऱ्या आहेत.

गृहशिक्षणात आई किंवा वडील हेच शिक्षक असतात, पुस्तक तेच निवडतात, उत्तर बरोबर की चूक हेही बहुधा तेच सांगतात. अशा घरात मुलाला पालकाच्या शब्दाबाहेरचा एखादा पुरावा मिळणे अत्यावश्यक ठरते. अयनदिनाचे निरीक्षण हा असा पुरावा आहे, कारण घरातील कोणाच्याही मताने सावलीची लांबी बदलत नाही. हिवाळी सुटीतील उपक्रमांचे शैक्षणिक मूल्य या कसोटीवर तपासले पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

अमेरिकेतील गृहशिक्षणाची पार्श्वभूमी

अमेरिकेत सक्तीच्या शालेय शिक्षणाचा पहिला राज्यस्तरीय कायदा मॅसॅच्युसेट्समध्येच १८५२ साली झाला. पुढे सर्व राज्यांनी असे कायदे केले आणि घरी शिकवण्याची जुनी पद्धत मागे पडली. १९२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुलांना केवळ सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा ऑरेगन राज्याचा कायदा रद्द केला. १९७२ च्या विस्कॉन्सिन विरुद्ध योडर या खटल्यात आमिश पंथीयांना आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा मिळाली. हे दोन्ही निर्णय प्रत्यक्ष गृहशिक्षणाविषयीचे नव्हते; परंतु पालकांच्या अधिकाराची चर्चा त्यांच्या आधारे पुढे गेली.

आधुनिक गृहशिक्षणाचा विचार दोन प्रवाहांतून वाढला. जॉन होल्ट हे शिक्षक शाळासुधारणेच्या विचारापासून आरंभ करून शेवटी शाळेबाहेरील शिक्षणाच्या विचारापर्यंत आले. त्यांचे ‘हाउ चिल्ड्रन फेल’ हे पुस्तक १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७७ मध्ये त्यांनी बोस्टनमधून ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. मुलाच्या स्वाभाविक कुतूहलावर त्यांचा भर होता. दुसरा प्रवाह धार्मिक श्रद्धेतून घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचा होता. या प्रवाहाला रेमंड आणि डोरोथी मूर या दांपत्याच्या लेखनाचा आधार मिळाला. दोन्ही प्रवाहांच्या प्रयत्नांतून १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले.

राष्ट्रीय शैक्षणिक आकडेवारी केंद्राच्या अंदाजानुसार १९९९ मध्ये सुमारे ८.५ लाख मुले (१.७ टक्के) घरी शिकत होती. २०१२ मध्ये ही संख्या सुमारे १८ लाखांपर्यंत (३.४ टक्के) गेली. कोविड साथीच्या काळात जनगणना विभागाने केलेल्या पाहणीत गृहशिक्षण देणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०२० च्या वसंतातील ५.४ टक्क्यांवरून त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ११.१ टक्क्यांवर गेल्याचे दिसले.

नियम मात्र राज्यागणिक वेगळे आहेत. टेक्सासमध्ये पालकाने शासनाला कळवण्याचेही बंधन नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वसंमती लागते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अभ्यासक्रम, अध्यापनाचा कालावधी, पालकाची पात्रता, पाठ्यसाहित्य आणि प्रगतीचे मूल्यमापन हे संमतीचे निकष म्हणून मान्य केले. १९९८ मध्ये त्याच न्यायालयाने संमतीसाठी घरभेटीची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला. म्हणजे घराचा उंबरठा शासनाने ओलांडायचा नाही, पण घरात काय शिकवले याचा हिशेब मात्र द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे.

डिसेंबर महिना आणि सणांचा प्रश्न

बोस्टनच्या परिसरात डिसेंबर हा नाताळाचा महिना आहे, परंतु तो केवळ नाताळाचा नाही. ज्यू कुटुंबे हनुक्काच्या आठ रात्री दिवे लावतात. काही आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबे १९६६ पासून सुरू झालेला क्वान्झा २६ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात साजरा करतात. इराणी कुटुंबे यल्दाच्या रात्री डाळिंब व कलिंगड खाऊन जागरण करतात. २०२२ मध्ये युनेस्कोने इराण व अफगाणिस्तान यांची ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केली. चिनी कुटुंबांत याच सुमारास डोंगझीच्या निमित्ताने तांदळाच्या पिठाचे गोळे खाण्याची प्रथा आहे. कोणताही धर्म न मानणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. याच भूमीवरील प्यूरिटन वसाहतकारांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला होता आणि तो नियम १६८१ पर्यंत चालू होता, ही गोष्ट आज तेथील मुलांनाही नवलाची वाटते. सण हा नेहमीच सर्वांचा असतो असे नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

घरी शिकवणारी कुटुंबे परस्परांच्या मदतीसाठी स्थानिक गट करतात. एखादी आई सर्वांच्या मुलांना चित्रकला शिकवते, एखादे वडील प्रयोग दाखवतात. अशा गटात श्रद्धावान, निरीश्वरवादी आणि भिन्नधर्मीय अशी सर्व कुटुंबे असू शकतात. एकाचा सण दुसऱ्याला परका वाटण्याची शक्यता असते. अयनदिन मात्र आकाशातील घटना असल्यामुळे सर्वांना सामाईक आहे. तथापि काही श्रद्धावान कुटुंबांना अयनदिनाचा उत्सव ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेचे पुनरुज्जीवन वाटतो आणि ती त्यापासून दूर राहतात. यावर व्यवहारात निघणारा मार्ग असा, की उत्सव ज्याचा त्याने ठरवावा, निरीक्षण मात्र सर्वांनी मिळून करावे.

सावलीची वही

नमुना कुटुंबाच्या अंगणात एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट फळीवर ओळंब्याने उभी केली आहे. मध्यान्ही सूर्य दिवसातील सर्वाधिक उंचीवर असताना काठीची सावली सर्वांत लहान असते. ती मोजायची आणि वहीत तारीख, वेळ व लांबी लिहायची, एवढाच उपक्रम आहे. सहा वर्षांचा मुलगा खडूने खूण करतो. दहा वर्षांची मुलगी मोजते.

बोस्टनचा अक्षांश सुमारे ४२.४ अंश उत्तर आहे. अयनदिनी सूर्य मकरवृत्तावर, म्हणजे विषुववृत्ताच्या २३.४ अंश दक्षिणेस असतो. नव्वदमधून हे दोन्ही वजा केल्यास मध्यान्हीच्या सूर्याची उंची केवळ २४.२ अंश येते आणि एक मीटर काठीची सावली सुमारे २ मीटर २२ सेंटिमीटर पडते. जूनच्या अयनदिनी त्याच काठीची सावली अवघी ३४ सेंटिमीटर असते. हा फरक पाहिल्यावर हिवाळ्यात थंडी का, हे मुलाला निराळे समजावून द्यावे लागत नाही. तेवढाच प्रकाश जमिनीच्या मोठ्या भागावर पसरला जातो आणि दिवसही लहान असतो. बोस्टनमध्ये अयनदिनाचा दिवस जेमतेम नऊ तास पाच मिनिटांचा असतो.

उपक्रमाची खरी अडचण यानंतर सुरू होते. सर्वांत लांब सावलीचा दिवस तोच अयनदिन, असे पुस्तक सांगते. परंतु १६ डिसेंबरची सावली आणि २१ डिसेंबरची सावली यांत फक्त एखाद्या सेंटिमीटरचा फरक असतो. शिवाय सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्याने सावलीचे टोक सुमारे पाच सेंटिमीटरपर्यंत पुसट दिसते. मग एका सेंटिमीटरचा निवाडा कसा करायचा? अयनदिनाच्या लॅटिन नावाचा अर्थच मुळी ‘सूर्याचे थबकणे’ असा आहे आणि ते थबकणे मुलीच्या वहीत आकड्यांतून उतरते. त्यात बोस्टनच्या डिसेंबरमध्ये नेमक्या त्या दिवशी ढग असण्याची शक्यताही कमी नाही.

यातून मार्ग काढण्याची पद्धत साधी आहे. १ डिसेंबरला सावली सुमारे २ मीटर ७ सेंटिमीटर असते. ती वाढत जाते, थबकते आणि पुन्हा कमी होऊ लागते. ज्या दिवशी ती पुन्हा १ डिसेंबरच्या सावलीइतकी भरते, तो दिवस शोधायचा. तो ११ जानेवारीच्या आसपास येतो. दोन तारखांमध्ये ४१ दिवस असतात. त्यांचा मध्य काढला की २१ डिसेंबर येतो. टोकाजवळ सावली मंद बदलते, पण तीन आठवडे आधी व नंतर ती दररोज सुमारे एक सेंटिमीटरने बदलत असल्यामुळे हे मोजमाप अधिक विश्वसनीय ठरते. मधल्या काही दिवशी ढग आले तरी बिघडत नाही. अयनदिन नेमका केव्हा झाला हे त्या दिवशी नव्हे, तर तीन आठवड्यांनंतर कळते, ही गोष्ट मुलांसाठी मोलाची आहे. सण होऊन गेला, दिवे उतरवले गेले, तरी वही चालूच राहते आणि आईने सांगितलेली तारीख बरोबर होती की नाही हे शेवटी वहीच सांगते.

दोन रूढ गैरसमज

सावलीच्या वहीत आणखी एक गोष्ट नोंदली जाते. मध्यान्हीची वेळ रोज तीच राहत नाही. बोस्टनमध्ये १ डिसेंबरला सर्वांत लहान सावली सुमारे ११ वाजून ३३ मिनिटांनी पडते, २१ डिसेंबरला ११ वाजून ४२ मिनिटांनी आणि ११ जानेवारीला ११ वाजून ५२ मिनिटांनी. म्हणजे या काळातील सौरदिन चोवीस तासांपेक्षा जवळजवळ अर्ध्या मिनिटाने मोठा असतो. पृथ्वीच्या आसाचा कल आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा या दोन कारणांनी हे घडते.

याचा परिणाम असा, की वर्षातील सर्वांत लहान दिवस अयनदिनी असला तरी सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त त्या दिवशी नसतो. बोस्टनमध्ये तो ८ ते ९ डिसेंबरच्या सुमारास, दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी होतो. सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होतो. विषुववृत्ताकडे जावे तसे हे अंतर वाढत जाते. पुण्यात सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास असतो. अयनदिनानंतर दिवस वाढू लागतो हे खरे. पण तो सुरुवातीस संध्याकाळच्या बाजूने वाढतो. खिडकीतून सूर्यास्त पाहून घड्याळ वाचणाऱ्या सहा वर्षांच्या मुलालाही हे दिसू शकते, मात्र त्यासाठी पाहावे लागते.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे. पृथ्वी सूर्यापासून दूर गेल्याने हिवाळा येतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी उपसूर्य स्थितीत, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर असते. जुलैत ती सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर जाते. १९८७ मध्ये तयार झालेल्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठातील २३ पदवीधर, प्राध्यापक व माजी विद्यार्थ्यांना ऋतुबदल किंवा चंद्रकलांचे कारण विचारले गेले आणि त्यांपैकी २१ जणांना ते बरोबर सांगता आले नाही. ही माणसे उत्तम शाळांत शिकलेली होती आणि आकृती त्यांनीही कधीतरी काढली होती. त्यांच्या शिक्षणात आकृती आधी आली; आकाश मात्र आलेच नाही, असा निष्कर्ष येथे काढावासा वाटतो. गृहशिक्षणाने यावर आपोआप मात होते असे नाही. आईलाही तोच गैरसमज असू शकतो आणि घरी तो दुरुस्त करणारा दुसरा शिक्षक नसतो. म्हणूनच सावलीच्या वहीचे स्थान केवळ सुटीतील विरंगुळ्याचे राहत नाही.

पंचांग आणि आकाश

निरीक्षणानंतर कथांची पाळी येते. हाच क्रम योग्य होय. आयर्लंडमधील न्यूग्रेंज येथील सुमारे ५२०० वर्षांपूर्वीच्या समाधिवास्तूत अयनदिनाच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण प्रवेशद्वारावरील झरोक्यातून शिरतो आणि १९ मीटर लांबीच्या मार्गाने आतील दालनात सुमारे १७ मिनिटे राहतो. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ’केली यांनी २१ डिसेंबर १९६७ रोजी हा प्रकाश प्रत्यक्ष पाहिला. बुटांच्या खोक्याला फट पाडून आणि विजेरी वेगवेगळ्या उंचीवर धरून मुलांना ही रचना घरी करून पाहता येते. विजेरी थोडी वर उचलली की प्रकाश मागच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही. ज्या मुलांनी सावली मोजली आहे, त्यांना त्यामागील कारण उमगते.

स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला संत लुसियाचा सण असतो आणि मुली डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालतात. प्रकाशाचा सण अयनदिनाच्या आठ दिवस आधी का? ज्युलियन पंचांगाचे वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. त्यामुळे चौदाव्या शतकाच्या सुमारास अयनदिन सरकत सरकत १३ डिसेंबरवर आला होता. स्वीडनने १७५३ मध्ये सुधारित ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले, तारखा दुरुस्त झाल्या. सण मात्र जुन्या तारखेलाच राहिला.

येथे अमेरिकेतील मराठी कुटुंबांचा संबंध येतो. त्यांच्या घरी जानेवारीत तिळगुळाचे डबे उघडतात आणि संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते, दिवस तीळतीळ वाढू लागतो, असे आजी सांगते. घरी शिकणाऱ्या मुलीच्या वहीत मात्र दिवस २१ डिसेंबरपासूनच वाढत असतो. वही खरी की आजी, असा पेच उभा राहतो. त्याचे उत्तर संपातचलनात आहे. पृथ्वीच्या आसाच्या मंद भ्रमणामुळे संपातबिंदू तारकांच्या संदर्भात सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. निरयन पद्धतीत मकर राशीतील सूर्यप्रवेश तारकांच्या संदर्भाने मोजला जातो. म्हणून तो ऋतूंच्या मानाने दर ७२ वर्षांत सुमारे एका दिवसाने पुढे जातो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस अयनदिन आणि मकरसंक्रमण जवळजवळ एकत्र होते. आज त्यांत सुमारे २४ दिवसांचे अंतर पडले आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी संक्रांतीच्या दिवशी झाला. आता संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. म्हणजे आजी खोटे सांगत नाही. ती जे सांगते ते एके काळचे प्रत्यक्ष निरीक्षण आहे.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) या ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित हे सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली गेली. तिच्यात पौष महिना २२ डिसेंबरला सुरू होतो. आकाशाशी जुळणारी ही तारीख शासकीय कागदपत्रांवर छापली जाते. घरातील चर्चेत मात्र ती क्वचितच येते.

बोस्टनमधील नात आणि पुण्यातील आजी यांना एकाच आठवड्यात सावली मोजता आली, तर आणखी एक गोष्ट उलगडते. २१ डिसेंबरला पुण्यात दुपारी सुमारे १२ वाजून ३३ मिनिटांनी एक मीटर काठीची सावली ९० सेंटिमीटर पडते. बोस्टनमध्ये एवढी सावली होण्यासाठी मार्चच्या विषुवदिनापर्यंत वाट पाहावी लागते. दोन्ही सावल्यांवरून सूर्याची उंची काढून त्यांची वजाबाकी केली की दोन शहरांच्या अक्षांशांतील सुमारे २४ अंशांचा फरक हाती येतो. एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परिघ काढण्यासाठी वापरलेले तत्त्व हेच आहे.

हिमकण आणि पक्षी

सुटीतील आणखी दोन उपक्रमांचा उल्लेख आवश्यक आहे. पहिला हिमकणांचा. काळे कापड काही वेळ बाहेर ठेवून थंड करायचे, त्यावर पडणारे हिमकण भिंगातून पाहायचे आणि श्वास लागून ते वितळण्यापूर्वी रेखाटायचे. या छंदाचा आद्य पुरस्कर्ता विल्सन बेंटली हा व्हरमाँट राज्यातील जेरिको गावचा शेतकरी होता. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती आणि चौदा वर्षांचा होईपर्यंत तो तिच्याकडेच शिकला. आईच्या सूक्ष्मदर्शकाने त्याला हिमकण दाखवले. १५ जानेवारी १८८५ रोजी, विसाव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी, त्याने हिमकणाचे पहिले सूक्ष्मछायाचित्र घेतले आणि आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक छायाचित्रे जमवली. गृहशिक्षणाचे समर्थक त्याचे उदाहरण आवडीने देतात. परंतु त्याची कीर्ती घरातच राहिली असती तर तो विस्मृतीत गेला असता. १९३१ मध्ये हवामानशास्त्रज्ञांच्या साहाय्याने त्याचा संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि घरातील निरीक्षण सार्वजनिक ज्ञानाचा भाग झाले.

दुसरा उपक्रम पक्षिगणनेचा. नाताळच्या दिवशी पक्ष्यांची शिकार करण्याच्या स्पर्धेला पर्याय म्हणून फ्रँक चॅपमन यांनी पक्षी मोजण्याची कल्पना मांडली आणि २५ डिसेंबर १९०० रोजी २७ जणांनी पहिली गणना केली. आज ऑडुबॉन संस्थेच्या वतीने दरवर्षी १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात ती होते. सुमारे २४ किलोमीटर व्यासाचे वर्तुळ आखून त्यातील प्रत्येक पक्षी मोजला जातो. घरी शिकणारे मूल येथे अनुभवी निरीक्षकांच्या गटात काम करते. त्याने चिमणीची जात चुकीची सांगितली तर ती शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस दुरुस्त करतो. शाळेत वर्गमित्र जे काम करतात, ते येथे समाज करतो.

आक्षेप आणि मर्यादा

वरील उपक्रमांच्या आकर्षक वर्णनाने गृहशिक्षणाविषयीचे गंभीर आक्षेप झाकले जाऊ नयेत. हार्वर्ड विधी महाविद्यालयातील प्राध्यापिका एलिझाबेथ बार्थोलेट यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, नियमनाअभावी मुलांचे शिक्षणाचे व संरक्षणाचे हक्क धोक्यात येतात, असे मांडून गृहशिक्षणावर सर्वसाधारण बंदी असावी आणि परवानगी अपवाद म्हणून द्यावी, असे सुचवले. त्यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. जर्मनीत शाळेत जाणे बंधनकारक आहे आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ व २०१९ च्या निकालांत तेथील शासनाची भूमिका ग्राह्य मानली. भिन्न घरांतील मुलांनी एकत्र वाढावे, हा त्या भूमिकेचा गाभा आहे.

श्रमाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. सावलीची वही, भिंग, सणाचे पदार्थ आणि शिक्षणाधिकाऱ्यांसाठी ठेवायच्या नोंदी ही कामे बहुधा आईवर पडतात. एका पालकाने पगारी नोकरी सोडण्याची ऐपत प्रत्येक घराची नसते. भारतात बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याची रचना शाळेभोवती आहे आणि गृहशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था त्यात नाही. मराठी समाजाच्या इतिहासात तर घरी शिकण्याचा अर्थच निराळा होता. सावित्रीबाई फुले, पंडिता रमाबाई आणि आनंदीबाई जोशी यांची अक्षरओळख घरात झाली, कारण स्त्रियांसाठी शाळेची दारे जवळजवळ बंद होती. त्यांपैकी सावित्रीबाईंनी घरी शिकून शाळा काढल्या. शाळेचे दार बंद असताना घरी शिकणे आणि ते उघडे असताना घरी राहणे यांतील अंतर विसरून गृहशिक्षणाचा गौरव करणे इतिहासाला धरून होणार नाही.

समारोप

हिवाळी अयनदिनाच्या उपक्रमांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, घरातील शिक्षणाला घराबाहेरचा पुरावा लागतो. आकाश, हिमकण आणि पक्षी हे असे पुरावे आहेत. दोन, निरीक्षण आधी व स्पष्टीकरण नंतर हा क्रम पाळला तर परंपरा आणि विज्ञान यांत भांडण न होता एकमेकांची ओळख होते. तीन, घरी मिळवलेले ज्ञान गटापुढे, समाजापुढे तपासून घेतल्याशिवाय पक्के होत नाही. पहिली व तिसरी गोष्ट सांभाळणारे घर चांगली शाळा ठरू शकते. त्या न सांभाळणारे घर कितीही प्रेमळ असले तरी बंदिस्त राहते.

हीच कसोटी शाळा-महाविद्यालयांनाही लागू आहे. आपल्याकडे डिसेंबरचा तिसरा आठवडा बहुधा सत्रपरीक्षांच्या गडबडीत जातो. २२ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस, हे वाक्य हजारो उत्तरपत्रिकांत लिहिले जाते. परंतु त्या दुपारी महाविद्यालयाच्या प्रांगणात काठी उभी करून सावली मोजली जाणे विरळाच. त्यासाठी अनुदान लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. एक मीटरची काठी, एक वही आणि डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत टिकणारे लक्ष एवढे पुरते. महाराष्ट्रातील हिवाळी आकाश बहुतेक दिवस निरभ्र असते. बोस्टनमधील मुलांना ही सोय नाही.